कडकबाईंचा संडास

लॉन्ड्रीवाल्या बाईंना गल्लीत सगळे कडकबाई म्हणत. आधी हे नाव त्यांनी खळ दिलेल्या शर्टांवरून पडलं. कॉलर अशी उभी राहायची की घालणाऱ्याने मान वळवण्याआधी दोनदा विचार करावा. मग ते नाव हळूहळू कपड्यांवरून स्वभावावर सरकलं आणि बाईंनीही ते झटकून टाकलं नाही. धंद्यात थोडा धाक असलेला बरा, असं त्यांचं मत होतं.

घर रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत लॉन्ड्री, तिच्यामागे दोन खोल्यांचा संसार, त्यामागे फरशीचं अंगण. अंगणाच्या एका बाजूला ओळीने तीन लहान खोल्या आणि समोरच्या कोपऱ्यात संडास. धंदा तेजीत होता तेव्हा त्या खोल्यांत हॉटेलांच्या चादरींचे आणि इस्पितळाच्या पडद्यांचे गठ्ठे पडलेले असत. पुढे हॉटेलांनी स्वतःची यंत्रं घेतली, इस्पितळाने काम दुसऱ्याला दिलं आणि खोल्या रिकाम्या झाल्या. राहिली फक्त एका छोट्या हॉटेलाची गिऱ्हाइकी आणि गल्लीतले कपडे. मूलबाळ नव्हतं. संडास नवराबायको दोघांपुरता होता आणि दोघांना तो पुरून उरत होता.

नवरा म्हणजे कंडक्टर. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण गाडी कितीही भरली तरी आत जागा असतेच, हा समज काही सुटला नव्हता. नदीचा बांध फुटून खालची वस्ती पाण्यात गेली त्या सकाळी लोक भिजलेली गाठोडी घेऊन चढ चढून वर आले. कंडक्टर दारात उभेच होते. कडकबाईंच्या हातातली इस्त्री शर्टाच्या पाठीवरून बाहीवर जाईपर्यंत त्यांनी तीन कुटुंबं आत घेतली होती. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, पाणी ओसरलं की जातील, असं त्यांनी बायकोला सांगितलं. ओल्या अंगाने दारात उभ्या असलेल्या माणसांपुढे बाई काय बोलणार? पण शर्टाची बाही त्यांनी तेवढी जाळली.

पहिल्या खोलीत घड्याळजी, त्यांची बायको आणि दोन मुली राहिल्या. दुसरीत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा एक जण, त्याची बायको आणि अंगणभर धावणारी त्याची पोरं. तिसरीत एकटी म्हातारी आली. ती कुणाचीच आत्या नव्हती, तरी सगळे तिला आत्याच म्हणू लागले.

पाणी ओसरलं, पण गाळ उरला. खालची घरं उभी होती ती छातीभर चिखल पोटात घेऊन. थोडे दिवस लांबत गेले.

सुरुवातीला मदतीचे ट्रक यायचे. घरटी एक बादली, एक मग, साबणाच्या वड्या, दात घासायचे ब्रश. पुढच्या खेपेला पुन्हा तेच आणि त्यापुढच्या खेपेलाही तेच. अंगणात बादल्यांची चळत लागली. तोंडात एकही दात नसलेल्या आत्याकडे ब्रशांचा जुडगा जमला आणि ती त्यांनी चुलीच्या कडा घासू लागली. बाजाराच्या कोपऱ्यावर तेच साबण अर्ध्या किमतीत विकायला दिसू लागले तेव्हा मदत करणाऱ्या संस्थेच्याही लक्षात आलं की असं चालायचं नाही.

मग एक दिवस संस्थेची पाहणीवाली मुलगी आली. पायांत मोठाले बूट, गळ्यात ओळखपत्र, आवाज बसलेला. तिने सगळ्यांना अंगणात बसवून समजावलं की यापुढे वस्तू येणार नाहीत, पैसे येतील, आणि ते फोनवरच जमा होतील. पाणी विकत घ्या, साबण घ्या, बायकांना लागतं ते घ्या, संडासाची टाकी उपसून घ्या. तुमची गरज तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते, तेव्हा कशावर खर्च करायचे ते तुमचं तुम्हीच ठरवा.

कडकबाई दोरीवर चादरी वाळत घालत होत्या. तोंडातला चिमटा काढून त्यांनी विचारलं की ज्यांच्या टाकीत हे सगळं जमा होतंय त्यांच्यासाठी काही आहे का. मुलगी ओशाळली. ही मदत फक्त घर गेलेल्यांसाठी आहे, असं ती म्हणाली. बाईंनी चिमटा परत तोंडात धरला.

पैसे जमा झाले त्याच दिवशी पाण्याच्या टँकरवाल्याने भाव वाढवला. वस्ती बुडाल्यापासून बाईंच्या बोअरला गढूळ पाणी येत होतं, त्यामुळे लॉन्ड्रीसाठी त्याही टँकरचंच पाणी घेत. त्यांनी टँकरवाल्याला जाब विचारला तर तो शांतपणे म्हणाला, आता लोकांकडे पैसे आहेत ना बाई. त्यांच्याकडे असतील, माझ्याकडे कुठे आलेत, हे त्याला समजावून सांगण्यात बाईंची अर्धी सकाळ गेली. भाव काही उतरला नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. संडासात ओतलेलं पाणी खाली उतरेना. आधी सावकाश उतरायचं, मग तिथेच थबकायचं, मग एके दिवशी उलटं वर आलं. दोन माणसांची टाकी इतक्या जणांचा भार किती दिवस सोसणार? बाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सरळ सांगितलं. टाकी उपसायची गाडी बोलवायची आहे. तुम्हाला पैसे आले आहेत ते याचसाठी आले आहेत, सगळ्यांनी वाटून द्या.



घड्याळजींनी त्या पैशातून भिंग, चिमटे आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच घेतला होता. त्यांची सगळी हत्यारं वाहून गेली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "हातात हत्यार नसेल तर मी पुढच्या महिन्यातही दुसऱ्याच्याच पैशाने पाणी पिणार ना, बाई?" ट्रम्पेटवाल्याने पोरांना चपला घेतल्या होत्या, कारण ती अनवाणी पायांनीच त्या संडासात जात होती. हे कारण ऐकून तर बाईंनी कपाळाला हात लावला. आत्या म्हणाली, मला पैसे आलेच नाहीत.

कडकबाईंचा खरा संताप इथे होता. कुणी दारूत घातले असते, पत्त्यांत उडवले असते, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं आणि मोकळ्या झाल्या असत्या. पण प्रत्येकाकडे कारण होतं आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं. तुंबला होता तो फक्त संडास. नीट रागावता येईल असा एक माणूस त्या अंगणात सापडेना. शेवटी त्या नवऱ्यावर रागावल्या. ते जवळच होते आणि त्यांना सवय होती.

कंडक्टरांनी बोलणी निमूटपणे खाल्ली आणि आत्याकडे जाऊन बसले. बोलता बोलता त्यांनी तिचा फोन मागून घेतला, चष्मा लावला आणि एकेक निरोप वाचू लागले. पैसे कधीच आले होते. आत्याला वाचता येत नव्हतं आणि कुणाला विचारलं तर आपला फोन घेऊन जातील, या भीतीने तिने तो पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता. कंडक्टरांनी ते काढून आणून दिल्यावर तिने सगळेच बाईंच्या पुढ्यात ठेवले. बाईंनी तिच्या वाट्यापुरते घेतले, उरलेले परत दिले आणि कमी पडले ते गल्ल्यातून काढले. ते काढताना गल्ल्याचा खण त्यांनी असा आपटला की तो मधेच अडकून बसला.

टाकी उपसायची गाडी आली. गाडीवाला उतरला, घराला एक फेरी मारून आला आणि म्हणाला, मागे जायला बोळ नाही. पाइप दुकानातूनच न्यावा लागेल.

दुकानात त्या दिवशी हॉटेलाच्या पांढऱ्याशुभ्र चादरी टांगलेल्या होत्या. खाली गिऱ्हाइकांचे घडी केलेले कपडे. बाईंनी आधी त्या चादरींकडे पाहिलं, मग गाडीवाल्याच्या खांद्यावरच्या पाइपाकडे. त्या पाइपावर मागच्या घराच्या खुणा अजून ओल्या होत्या. बाईंनी ठाम नकार दिला. भिंतीवरून न्या, छपरावरून न्या, काहीही करा. गाडीवाला म्हणाला, तेवढ्या उंचीवर पंप खेचत नाही, हवं तर हो म्हणा, नाहीतर मला पुढे जायचंय. तो निघून गेला आणि आल्याचे पैसे तेवढे घेऊन गेला.

त्या संध्याकाळी कडकबाईंनी संडासाला कुलूप लावलं. जाहीर केलं की टाकीचं काहीतरी होईपर्यंत कुणीही आत जायचं नाही, मीही नाही. आणि खरंच त्या स्वतःही टमरेल हातात घेऊन रस्त्यापलीकडे शिंपीणबाईंकडे जाऊ लागल्या. बाकीचे कुठे जात होते हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

घड्याळजींची थोरली मुलगी लॉन्ड्रीत मदत करायची. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून यायची. हात नेटका होता, चादरीची कड कडेला अशी बसवायची की कडकबाईंनाही बोट ठेवायला जागा नसे. कुलूप लावल्याच्या दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीच्या टेबलाजवळ उभी होती ती उभीच खाली कोसळली. बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला तर अंग भाजत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की लघवीला संसर्ग झालाय, ताप त्याचा आहे. हे आजचं नाही, मुलगी बरेच दिवस पुरेसं पाणी पीत नाही. औषध लिहून देताना त्यांनी कडकबाईंकडे असं पाहिलं, जणू मुलगी त्यांचीच होती. मुलीची आई धाकटीला घेऊन पाण्याच्या रांगेत उभी होती, म्हणून बाकावर शेजारी बसायला बाईच होत्या.

बाईंनी औषधाच्या चिठ्ठीची घडी घातली. त्या म्हणाल्या, कुलूप लावायला नको होतं मी. चुकलंच माझं.

मुलीने डोळे मिटलेलेच ठेवले. म्हणाली, "कुलूप तुम्ही कालच लावलंत, काकू. आम्ही आलो त्या दिवसापासूनच मी दिवसा पाणी प्यायचं सोडलंय."

"का?"

"दाराला आतून कडी नाही. आणि समोर पुरुष दात घासत उभे असतात."

कडी नव्हती हे खरं होतं. कधीतरी गंजून पडली होती. घरात दोघंच, कोण कुठे आहे हे दोघांना ठाऊक, मग कडीची गरज कुणाला? पुढे इतकी माणसं आली, बादल्या आल्या, ब्रश आले, पैसे आले, पाहणी झाली, कडकबाईंनी सगळ्यांना धारेवर धरलं. दाराच्या आतल्या बाजूकडे कुणी पाहिलंच नव्हतं, आणि त्यात त्याही होत्या. त्यांना स्वतःचा असा राग आला की बाकावर बसवेना. तो राग कुणावर काढायची सोयही नव्हती.

परत येताना त्यांनी लोखंडी सामानाच्या दुकानातून कडी आणि चार स्क्रू घेतले आणि घरी पोचल्याबरोबर स्वतःच्या हाताने बसवली. दार कुलूपबंद, संडास तुंबलेला, तरी कडी बसवली. मग कंडक्टरांना हुकूम झाला की दात घासायची जागा आजपासून लॉन्ड्रीच्या बाहेर, रस्त्याकडेच्या गटारापाशी. आणि ती गाडी परत बोलवा.

दुसऱ्या दिवशी दुकानातले सगळे कपडे उचलून रस्त्यापलीकडे शिंपीणबाईंच्या ओट्यावर नेले. घड्याळजी, ट्रम्पेटवाला, दोघांच्या बायका, सगळे ओझी वाहत होते. पाइप पुढच्या दारातून आत गेला, इस्त्रीच्या टेबलाखालून, स्वयंपाकघरातून, अंगणात. पंप सुरू झाल्यावर घराला जो वास लागला तो आठवडाभर हटला नाही. कपडे आत आणल्यावर बाईंनी नाकाशी धरून पाहिले आणि सगळेच पुन्हा भट्टीत टाकले. टँकरचं महागडं पाणी, खळ, कोळसा, सगळं दुप्पट. हॉटेलवाल्याला त्यांनी काहीच सांगितलं नाही.

पण गाडीवाला जाताना सांगून गेला की टाकी फार लहान आहे, इतक्या माणसांना महिना दीड महिना पुरेल, मग मला फोन करा. पुन्हा तोच पाइप दुकानातून जाणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि बाई तशाच उठून संस्थेच्या कचेरीत गेल्या.

कचेरी म्हणजे एका बंद शाळेतली खोली. पाहणीवाली मुलगी तिथे लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेली होती. बाईंनी जे मनात होतं ते सगळं सांगितलं. लोकांना पैसे देता ते ठीक, पण ज्याची टाकी त्याला काही नाही. भाडेकरू म्हणतो टाकी मालकाची, मालक म्हणतो घाण तुमची, आणि मधल्या मधे पोरगी तापाने फणफणते. हे तुमच्या कागदावर कुठे येतं? मुलीने मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, हेच आम्हाला जागोजाग दिसलंय, म्हणून आता नवीन सोय सुरू केली आहे. ज्यांनी लोकांना घरात घेतलंय अशा मालकांना संडास बांधायला पैसे मिळतील. मात्र टप्प्याटप्प्याने. खड्डा आणि त्यात बसवायच्या सिमेंटच्या गोल कड्या झाल्या की पाहणी, मग पुढचे पैसे. अट एवढीच की वर्षभर राहणाऱ्यांना काढायचं नाही आणि भाडं वाढवायचं नाही.

कडकबाईंनी सांगितलं की त्या भाडं घेतच नाहीत.

मुलगी गोंधळली. भाडं नसेल तर रकाना रिकामा राहतो आणि रकाना रिकामा राहिला तर अर्ज पुढे जात नाही, असं तिने खालच्या आवाजात सांगितलं. शेवटी शून्य भाडं, आणि ते शून्यावरून वाढवणार नाही, असं बाईंनी लिहून दिलं. सही करताना त्यांना हसू फुटत होतं, पण त्यांनी ते दाबलं. आपण चिडून आलो आहोत हे त्यांना विसरायचं नव्हतं.

पहिला टप्पा कंडक्टरांच्या फोनवर जमा झाला तेव्हा बाई हॉटेलात चादरी पोचवायला गेल्या होत्या. परत आल्या तर एक गवंडी अंगणात माप घेत होता आणि कंडक्टर त्याला सगळी रक्कम देऊन बसले होते. माणूस चांगला आहे, त्याला सिमेंट आणायचंय, असं ते म्हणाले. गवंड्याने कंबरभर खड्डा खणला आणि संध्याकाळी जो गेला तो दिसलाच नाही.

आता अंगणात उघडा खड्डा. पोरं त्यात उड्या मारायची. आत्या एकदा काठाशी घसरली, तिला ट्रम्पेटवाल्याने दंडाला धरून मागे ओढलं. गवंड्याचा फोन लागायचा, वाजायचा आणि बंद व्हायचा. साऱ्या वरच्या भागात एकाच आठवड्यात पैसे आले होते, त्यामुळे सगळ्यांना एकदमच संडास बांधायचे होते. सिमेंटच्या कड्या बाजारात मिळेनात आणि गवंड्यांना सोन्याचा भाव आला. संस्थेचा माणूस पाहणीला आला, खड्ड्यात डोकावला, कड्या नाहीत असं लिहिलं आणि गेला. कड्या नाहीत हे बाईंनाही दिसत होतं.

गवंड्याला शोधायला त्या स्वतः निघाल्या. नवा खड्डा जिथे असेल तिथे तो सापडेल, या हिशोबाने त्या मातीच्या ढिगांचा माग काढत गल्ल्यागल्ल्यांतून फिरल्या. तिसऱ्या-चौथ्या ढिगापाशी त्याची हत्यारं दिसली. थापी, गुण्या, ओळंबा, सगळं एका घमेल्यात. गवंडी कुठे पाणी प्यायला गेला होता. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं, घमेलं उचललं, त्यावर कपड्यांचा गठ्ठा ठेवला आणि घरी आल्या.

संध्याकाळच्या आत गवंडी लॉन्ड्रीच्या दारात उभा राहिला. हत्यारं मागू लागला. बाई इस्त्री करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"थापी माझ्याकडे आहे. खड्डाही माझ्याकडेच आहे. तू तेवढा नव्हतास, आता तूही आलास. लाग कामाला."

त्याने हात जोडले आणि मग उंबऱ्यावरच बसून सगळं ओकला. त्याचं घर खालच्या वस्तीतच होतं, भिंतींसकट गेलं होतं. तो मेहुण्याकडे राहत होता, पण मेहुण्याचं घर संस्थेच्या यादीतल्या भागाबाहेर, त्यामुळे त्याला एक पैसाही मिळाला नव्हता. जो बोलावील त्याच्याकडून आगाऊ घ्यायचे, एकाच्या पैशाने दुसऱ्याचं सिमेंट आणायचं, आणि मधून मधून स्वतःच्या घराच्या विटा, असं त्याचं चाललं होतं. साऱ्या गावाचे संडास तो बांधत होता आणि त्याची बायको अजून आडोशाला जात होती.

कडकबाईंनी इस्त्री बाजूला आपटली. आता याच्यावरही रागावता येईना. त्यांना वाटलं, देवाने या बांधफुटीत आपला रागही वाहून न्यायला हवा होता. नुसता पोटात ठेवून काय करायचा?

त्यांनी सरळ सौदा केला. हत्यारं इथेच राहतील. सकाळी इथे काम, दुपारनंतर घमेलं उचलून हवं तिकडे जा, रात्री परत आणून ठेव. मदतीला घड्याळजी आणि ट्रम्पेटवाला. आणि तुझ्या मेहुण्याच्या घराचं मी त्या मुलीच्या कानावर घालते. गवंडी हो म्हणाला. हो म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

काम झालं, पण सरळ झालं असं कुणी म्हणणार नाही. कड्या आल्या त्यातली एक तडकलेली निघाली. घड्याळजींचे हात बारीक कामाचे, त्यांनी पहिल्याच दिवशी बोट ठेचून घेतलं आणि मग त्यांना ओळंबा धरायला उभं केलं. तिथे मात्र ते इतके काटेकोर निघाले की गवंडी वैतागला. अहो, संडास आहे, मनगटावर बांधायचं नाहीये, असं तो म्हणाला तेव्हा कित्येक दिवसांत पहिल्यांदा अंगण हसलं. ट्रम्पेटवाल्याने माती उपसली. कंडक्टर सगळ्यांना पाणी देत फिरत होते आणि बायकोच्या नजरेच्या टप्प्यात येत नव्हते.

एकाऐवजी दोन दारं झाली. टाकी मोठी झाली आणि मागच्या भिंतीला पाइपापुरतं भोक ठेवलं. त्यासाठी मागच्या घरवाल्याशी भांडण झालं ते वेगळं. आत दोन्ही दारांना कड्या, जरा जास्तच जाड. पुढचा टप्पा जमा झाला तोवर उधारी झाली होती, त्यामुळे तो आला तसा गेला.

गवंड्याचा मेहुणा यादीत आला, पण मुदत संपून गेल्यावर. त्याला काही मिळालं नाही. पाहणीवाल्या मुलीने वरच्यांना बरंच लिहिलं, असं ती सांगत होती. गवंड्याने आपला संडास स्वतःच बांधला, ठिकठिकाणी उरलेल्या विटांचा. कडकबाईंनी त्याला शिल्लक राहिलेली तडकलेली सिमेंटची कडी देऊन टाकली. तड्याला सिमेंटचा मसाला भरला की चालते, असं त्यानेच त्यांना सांगितलं होतं.

वर्ष सरायच्या आधीच घड्याळजी खाली राहायला गेले. थोरली मुलगी मात्र सकाळी लॉन्ड्रीत येत राहिली, आता पगारावर. पगार ठरवताना कडकबाई आणि ती दोघींनीही पुष्कळ घासाघीस केली आणि मुलगीच जिंकली. ट्रम्पेटवाला आणि आत्या राहिलेच. आत्याला कंडक्टर फोन वाचायला शिकवत होते. ती अक्षरं पटकन विसरायची आणि आकडे कधीच विसरायची नाही.

सगळं आटोपल्यावर संस्थेकडून एक नवाच मुलगा आला. मदत घेतलेल्यांना प्रश्न विचारायचे होते. त्याने विचारलं, तुम्ही या मदतीबद्दल समाधानी आहात का, हो की नाही.

कडकबाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि सुरुवात केली. टँकरचा भाव. दुकानातून गेलेला पाइप. दुसऱ्यांदा धुतलेल्या चादरी. शून्यावरून न वाढवायचं भाडं. एकदम सगळ्यांना पैसे दिले तर गवंडी कुठून आणायचे, याचा विचार कुणी केला होता का. घर यादीबाहेर असलं की माणसाचं पोटही यादीबाहेर जातं का. आणि पाहणीला येता तेव्हा दाराच्या आतल्या बाजूने पण पाहत जा, बाहेरून सगळे संडास सारखेच दिसतात. मुलगा एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्यात पेन धरून ऐकत होता. चहा संपला, दुसरा आला, तोही संपला.

बाई थांबल्या तेव्हा त्याने घाबरत घाबरत पुन्हा विचारलं, मग हो लिहू की नाही?

"पैसे दिलेत, ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "बाकी काय लिहायचं ते तू ठरव."

मुलाने थोडा विचार करून हो लिहिलं. कडकबाईंनी ते समोरून उलटं वाचलं आणि त्या इस्त्रीकडे वळल्या. कोळसा विझत आला होता आणि अजून शर्टांचा एक गठ्ठा बाकी होता.